लहान मुलांना पोहायला कधी आणि कसं शिकवावं?

रानजाई
लेक साडेचार वर्षांची आहे. पंधरा दिवसांपूर्वी तिला पोहण्याच्या वर्गाला घातलं. पहिले दोन दिवस पायरीवर बसून पाय मारण्यात मजेत गेले. तिसऱ्या दिवशी सरांनी काही न सांगता तिचं डोकं पाण्याखाली दाबलं. क्षणभरच, पण वर आली तेव्हा ठसक्यामुळे तिला रडताही येत नव्हतं. सर म्हणाले, "एकदा नाकातोंडात पाणी गेलं की भीती मोडते." मोडायची राहिली बाजूला, ती भीती आमच्या न्हाणीघरापर्यंत आली. आता केस धुताना मी पाण्याचा मग उचलला तरी लेक दोन्ही हातांनी माझं मनगट धरून ठेवते.

वर्गात बारा मुलं आणि सर एकटे. घरात दोन मतं आहेत. नवऱ्याचं म्हणणं, चार दिवस रडेल आणि शिकेल. मला वाटतं, थांबवावं. शिकवायचं योग्य वय कोणतं? रडणाऱ्या मुलाला किती रेटायचं? आणि मला स्वतःला पोहता येत नाही, तर चांगला वर्ग ओळखायचा कसा?

पाणकावळा
थांबवू नका. पाण्यात पडलं की पोहता येतं, असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. मला सहाव्या वर्षी वडिलांनी काठावरून ढकललं होतं. दोन गटांगळ्या खाल्ल्या, तिसऱ्या खेपेला हातपाय आपोआप हलले. आज पाणी दिसलं की मला राहवत नाही. आईवडील हळवे झाले की मुलं काठावरच राहतात.

चिंगी
रानजाई, तुमच्या मनगटाचं वाचून पोटात कालवलं. नका पाठवू तिकडे.

कोवळंऊन
मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून आधी वयाचं सांगते.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना पूर्वी चार वर्षांच्या आत रीतसर शिकवणी नको म्हणायची. २०१० मध्ये त्यांनी ही भूमिका सैल केली. २०१९ च्या धोरणात तर पहिल्या वाढदिवसानंतर सुरू केलेल्या शिकवणीने बुडण्याचा धोका कमी होऊ शकतो, असं स्पष्ट म्हटलं. यामागे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. १ ते ४ वर्षांच्या ज्या मुलांनी रीतसर शिकवणी घेतली होती, त्यांच्यात बुडण्याचा धोका ८८ टक्के कमी दिसला. हा आकडा जपून वापरावा. अभ्यासातली मुलं थोडी होती, त्यामुळे नेमका फायदा किती हे छातीठोकपणे सांगता येत नाही. दिशा मात्र स्पष्ट आहे.

वर्षाच्या आतल्या बाळांना पाण्यात नेण्याचे वर्ग असतात. आईबाबांच्या कडेवर बसून पाण्याशी ओळख व्हावी, एवढ्यासाठी ते छान आहेत. त्याने बाळ बुडण्यापासून वाचतं याला आधार नाही. तान्ह्या बाळाच्या तोंडावर पाणी आलं की ते श्वास रोखतं, हातपाय हलवतं, आणि लोक म्हणतात बाळ पोहतंय. ती उपजत प्रतिक्रिया असते, काही महिन्यांत ओसरते. बाळाला पुन्हा पुन्हा पाण्याखाली नेलं तर ते खूप पाणी गिळतं, रक्तातलं सोडियम उतरतं आणि झटके येऊ शकतात.

साडेचार हे चांगलं वय आहे. बहुतेक मुलं चार वर्षांच्या आसपास सूचना समजून हातपाय त्याप्रमाणे हलवू लागतात. म्हणजे तुमच्या लेकीचं वय चुकलेलं नाही. शिकवण्याची रीत चुकली.

तळठाव
अकरा वर्षं लहान मुलांना पोहायला शिकवतोय. रानजाई, डोकं दाबणाऱ्या माणसाकडे मुलीला पुन्हा नेऊ नका. पाण्यात मुलाजवळ एकच भांडवल असतं, समोरच्या हातांवरचा विश्वास. तो गेला की पुढचं काही शिकवता येत नाही, कारण अंग आखडतं, आणि आखडलेलं अंग तरंगत नाही.

हे प्रत्यक्ष कसं होतं ते सांगतो. मूल उताणं झोपवलं की मी त्याच्या डोक्यामागे उभा राहतो, एक हात मानेखाली, दुसरा पाठीखाली. मूल घाबरलं की काय झालं ते बघायला डोकं उचलतं आणि आपल्या पायांकडे पाहतं. डोकं वर आलं की कंबर खाली जाते, कंबर गेली की पाय जातात, आणि बुडतोय असं वाटून ते आणखी डोकं उचलतं. म्हणून मी म्हणतो, "कान पाण्यात, पोट आकाशात, माझ्या हनुवटीकडे बघ." कान भिजले की बरीच मुलं दचकतात, कारण बाहेरचा आवाज एकदम दबतो. हे आधीच सांगून ठेवलं की दचकत नाहीत. मग मी पाठीखालचा हात काढतो, नंतर मानेखालचा हात दोन बोटांवर आणतो. बोटं काढायची वेळ मूलच सांगतं. कुणाला तीन दिवस लागतात, कुणाला तीन आठवडे.

त्याआधीचं पहिलं पाऊल म्हणजे फुंकर. ओठ पाण्याला टेकवून बुडबुडे काढायचे, मग नाकाने गुणगुणत बुडबुडे. नाकातून हवा बाहेर जात असेल तोवर पाणी आत शिरत नाही, ही गोष्ट मुलाला स्वतः कळली की अर्धं काम झालं. ही तयारी घरी न्हाणीघरात होते, त्याला तलाव लागत नाही.

सातवामजला
आमच्या चिरंजीवांना बुडबुडे काढायला सांगितलं होतं. घरी येऊन त्यांनी आजीला गंभीरपणे सांगितलं, "सर मला पाण्याशी बोलायला शिकवतात." आता रोज बादलीशी गप्पा चालतात. :)

पाणकावळा
तळठाव, तुमचा अनुभव मोठा आहे, मान्य. पण मी स्वतः उदाहरण आहे ना! ढकललं म्हणून मी शिकलो.

तळठाव
@पाणकावळा, तुम्ही शिकलात, याचा आनंदच आहे. माझ्याकडे येतात ते न शिकलेले. दर मोसमात तीन-चार मोठी माणसं येतात, पायरीवर बसतात आणि गुडघ्याच्या वर पाणी आलं की थरथरतात. विचारलं की बहुतेकांची गोष्ट "मला लहानपणी ढकललं होतं" इथूनच सुरू होते.

अर्धविराम
वाचत होते, लिहावं की नाही ठरत नव्हतं. लिहितेच.

माझा मुलगा तेव्हा साडेपाचचा. दोन महिने वर्ग झाले होते, पाय मारत रुंदी पार करायचा. एका कौटुंबिक सहलीत तलावाकाठी आम्ही सहा मोठी माणसं बसलो होतो. प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा बघतोय. मी कुणाशी तरी बोलत होते. मध्येच पाण्याकडे नजर गेली तर त्याची पिवळी टोपी दिसली, चेहरा वर, तोंड उघडं. मला वाटलं आकाशाकडे बघतोय. ओरडत नव्हता, हात हलवत नव्हता. हात दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत होता, न दिसणारी शिडी चढावी तसा. तोंड पाण्याखाली जायचं, वर यायचं, परत खाली. शेजारच्या खुर्चीतल्या माझ्या नणंदेने सरळ उडी मारली. मी तोपर्यंत नुसती बघत होते, कारण बुडणारा माणूस आरडाओरडा करतो असं माझ्या डोक्यात बसलं होतं.

तो वाचला. एक रात्र दवाखान्यात ठेवलं. त्यानंतर मी मिळेल ते वाचलं. फ्रँक पिया नावाच्या अमेरिकन जीवरक्षकाने बुडणाऱ्या माणसांचं चित्रीकरण करून हेच नोंदवून ठेवलं आहे. श्वास घ्यायलाच तोंड पुरत नाही, मग हाक कुठून मारणार? हात आपोआप पाणी दाबत राहतात, त्यामुळे हलवून कुणाला बोलावता येत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर ही धडपड साधारण २० ते ६० सेकंद टिकते. लहान मुलात वेळ आणखी कमी.

म्हणून रानजाई, वर्ग कोणताही निवडा, पण "आता तिला येतं" असं मनाला सांगू नका. माझ्या मुलाला "येत होतं".

चिंगी
अर्धविराम, लिहिलंत ते फार बरं केलंत. आजपासून आमच्याकडे पाण्याजवळ एकाच माणसाच्या नावाने पाळी. पाळी ज्याची, त्याचा फोन दुसऱ्याकडे.

वाटसरू
हाताला बांधायचे ते हवेचे फुगे वापरले तर चालतात का? आमची तीन वर्षांची त्यात अगदी बिनधास्त असते.

तळठाव
@वाटसरू, तो बिनधास्तपणाच मला नको असतो. फुगे दंडाला असले की मूल पाण्यात उभं राहतं, सायकल मारल्यासारखे पाय हलवतं आणि तोंड आपोआप वर राहतं. पोहायला अंग आडवं लागतं, म्हणजे शरीर उलटंच शिकतं. शिवाय मुलाला वाटतं तरंगणं हा आपलाच गुण आहे. खाऊ खायला फुगे काढले, मूल विसरलं आणि धावत जाऊन उडी मारली, असं घडतं. हवा गळते, फुगे निसटतात. होडीत किंवा मोठ्या पाण्याजवळ अंगाला घट्ट बसणारं, मापाचं, प्रमाणित जीवरक्षक जाकीट घाला. वर्गात मात्र माझे हात.

हेच पोहण्याच्या चष्म्याबद्दल. क्लोरीनने डोळे चुरचुरतात, तेव्हा चष्मा घालावा, पण दर वर्गात पाच मिनिटं तो काढून. नेहमी चष्म्यात पोहणारं मूल अचानक पाण्यात पडलं तर डोळे मिटून घेतं आणि काठ कुठे आहे तेच त्याला कळत नाही.

सातवामजला
अवांतर प्रश्न. आमच्या तलावावर क्लोरीनचा इतका वास येतो की घशात बसतो. स्वच्छता चांगली आहे असं समजायचं ना?

कोवळंऊन
उलटं समजा. नीट राखलेल्या तलावाला उग्र वास येत नाही. घाम, लघवी, अंगावरचा मळ यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, वास त्यांचा. डोळे लाल होतात ते बरंचसं त्यांच्यामुळेच. बंदिस्त तलावात दमेकरी मुलांना त्याने त्रास होतो. पाण्यात उतरण्याआधी मिनिटभर अंग धुतलं तरी बराच फरक पडतो. वर्ग बघायला जाल तेव्हा पाण्याची नोंदवही मागा. सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावा आणि मोजणी दिवसातून अनेकदा झालेली असावी.

मुलाला जुलाब होत असतील तर पाण्यात अजिबात नेऊ नका. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातही कित्येक दिवस जगतो, एका मुलामुळे सगळा वर्ग आजारी पडू शकतो.

कानांचं पण विचारतील म्हणून सांगते. बाहेर आल्यावर डोकं एकेका बाजूला कलवून पाणी काढायचं आणि टॉवेलच्या टोकाने बाहेरून टिपायचं. कापसाची काडी आत घालायची नाही. कानाची पाळी नुसती ओढली तरी दुखत असेल तर कानाच्या नळीत संसर्ग झालेला असू शकतो, दाखवून घ्या.

आणि थंडी. पाणी अंगातली उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढतं, आणि लहान अंग लवकर गार पडतं. ओठ निळे, दात वाजताहेत, तरी "अजून थोडं" म्हणणाऱ्या मुलाचं ऐकायचं नाही. या वयाला अर्धा तास पुष्कळ झाला.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. अर्धविराम, तुमचं वाचून मी रात्री झोपले नाही.

एक विचारू? नातेवाइकांच्या गटात संदेश फिरतोय की मुलाच्या नाकातोंडात पाणी गेलं तर आठवड्यानेही "कोरडं बुडणं" होऊन मूल दगावतं. लेकीला ठसका लागून दोन आठवडे झालेत. काळजी करू का?

कोवळंऊन
नको. "कोरडं बुडणं" हा शब्द वैद्यकशास्त्रात आता वापरत नाहीत. ठसका थांबून मूल पूर्ववत खेळू लागलं आणि दिवस सरले, तर त्या पाण्याने पुढे काही होत नाही. लक्ष ठेवायचं ते पहिल्या काही तासांत. खोकला थांबत नाही, धाप लागते, बरगड्या आत ओढल्या जातात, उलट्या होतात, मूल गुंगीत जातं, यातलं एकही दिसलं तर लगेच दवाखाना.

जुनाकाठ
मी सत्तरीचा. बुडालेल्याला काढलं की उलटं धरून पोटातलं पाणी काढायचं, असं आम्ही शिकलो होतो. नातवंडांसाठी विचारतो, अजून तेच करायचं का?

कोवळंऊन
काका, बरं झालं विचारलंत. ते करू नका. पोट दाबलं की उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाते आणि मोलाचा वेळ वाया जातो. बुडणाऱ्याचं हृदय थांबतं ते प्राणवायू न मिळाल्यामुळे, म्हणून नुसती छाती दाबून भागत नाही. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबणं आणि श्वास आळीपाळीने, मदत येईपर्यंत. दुसऱ्याला रुग्णवाहिकेसाठी फोन करायला पिटाळायचं. हे वाचून येत नाही, बाहुलीवर हात बसवावा लागतो. मुलाच्या वर्गाचे पैसे भराल त्याच आठवड्यात स्वतःचं हे प्रशिक्षण घ्या.

आणि पोहता न येणाऱ्याने वाचवायला उडी मारायची नाही. काठी, टॉवेल, दोर, जे हाती लागेल ते पुढे करायचं किंवा तरंगणारं काही फेकायचं.

तळठाव
रानजाईंचा तिसरा प्रश्न राहिलाच. पोहता न येणाऱ्या आईलाही वर्ग ओळखता येतो. एक अख्खा तास काठावर बसून बघा. बसू देत नसतील तर तिथूनच परत फिरा. शिक्षकाकडे बघू नका, ज्या मुलांची पाळी नाही त्यांच्याकडे बघा. शिक्षक एका मुलाला घेऊन मधे गेला की उरलेली कुठे असतात? पायरीवर बसलीत की कठड्याला लटकलीत? त्यांच्यावर नजर कुणाची? साडेचार वर्षांची बारा मुलं आणि एक माणूस, हे मी स्वतः कधीच स्वीकारणार नाही. या वयात माझ्याकडे चार असतात, आणि जीवरक्षक वेगळा, ज्याला शिकवण्याचं काम दिलेलं नाही.

तळाशी पाणी ओढणाऱ्या जाळ्या बघा. तुटलेल्या किंवा सैल जाळीत केस अडकून मूल खालीच राहतं. लांब केस बांधून टोपीत.

पोशाखाचा रंगही पाहा. निळा, आकाशी, पांढरा पाण्याखाली दिसेनासा होतो. भडक नारिंगी किंवा गुलाबी घ्या.

"पोहता येतं" कधी म्हणायचं? अमेरिकन रेड क्रॉसने पाच गोष्टी ओळीने करायला सांगितल्या आहेत: डोक्यावरून जाईल एवढ्या पाण्यात उतरून वर येणं, मिनिटभर तरंगणं, गोल फिरून बाहेर पडायची जागा शोधणं, तिथवर २५ यार्ड पोहणं आणि शिडीशिवाय वर चढणं. मी आणखी एक घालतो, हे सगळं कपड्यांसकट. नेदरलँड्समध्ये मुलांच्या पहिल्याच पोहण्याच्या प्रमाणपत्राला कपडे घालून पोहावं लागतं. मुलं घसरून पडतात तेव्हा पोशाख बदलून पडत नाहीत.

वाटसरू
वरचं छापून फडताळाला लावलंय. फुगे देऊन टाकले.

उंबरठा
माझा मुलगा स्वमग्न आहे, सात वर्षांचा. या मुलांना पाण्याची ओढ असते आणि नजर चुकवून ती पाण्याकडेच जातात, म्हणून आमच्यासाठी पोहणं हा छंदाचा विषय कधीच नव्हता. चार ठिकाणी नकार मिळाला. पाचव्या ठिकाणच्या बाईंनी पहिले तीन आठवडे त्याला फक्त पायरीवर बसून फरशीचे चौकोन मोजू दिले. आज तो उताणा तरंगतो, आणि चौकोन छतावर मोजतो. अशी मुलं असलेल्यांनी आशा सोडू नका.

कोवळंऊन
उंबरठा, खूप छान वाटलं वाचून. याला जोडून, फिट येणारी मुलं पोहू शकतात, पण डॉक्टरांना विचारून, आणि हाताच्या अंतरावर फक्त त्यांच्यासाठी एक माणूस ठेवून.

चिंगी
घरातल्या मोठ्या मुलांचंही सांगा कुणीतरी. आमचे दोघं पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतं याची पैज लावतात.

तळठाव
आजच बंद करा. आधी भराभर श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि श्वास घ्यावासा वाटतो तो त्याच्यामुळेच. शरीराची हाक येण्याआधी शुद्ध जाते. वरून बघणाऱ्याला वाटतं, पोरगं जिंकतंय.

पाणकावळा
आठवडाभर धाग्यावर आलो नाही, कारण एक फोन करायचा होता.

मला ढकललं त्याच दिवशी धाकट्या भावालाही ढकललं होतं. तो चार वर्षांचा. हे मी सोयीस्कर विसरलो होतो असं नाही, मला ते खरंच कधी महत्त्वाचं वाटलं नव्हतं. काल विचारलं, तुला आठवतं का? तो म्हणाला, "हिरवं पाणी आठवतं आणि वर तुझे पाय." आज तो चाळिशीत आहे. समुद्रावर गेलो की तो चपला सांभाळत वाळूत बसतो आणि आम्ही त्याला आळशी म्हणतो. त्याच्या मुलीलाही तो पाण्यात जाऊ देत नाही.

रानजाई, मी पहिल्या प्रतिसादात लिहिलेलं मागे घेतो.

अर्धविराम
पाणकावळा, __/\__

रानजाई
सात आठवडे झाले, कळवायचं होतं. तो वर्ग सोडला. महिनाभर कुठेच नेलं नाही. न्हाणीघरात बुडबुडे. पाण्याचा मग लेकीच्याच हातात दिला. आधी तिने माझ्या डोक्यावर पाणी ओतलं, पुन्हा पुन्हा, आणि मी दर वेळी नाकाने गुणगुणले. नवव्या दिवशी स्वतःच्या खांद्यावर, तेराव्या दिवशी केसांवर.

मग तीन ठिकाणी काठावर बसून बघितलं. एका ठिकाणी बसू दिलं नाही. दुसरीकडे पाळी नसलेली मुलं खोल बाजूच्या कठड्याला लटकलेली. तिसरीकडे चार मुलं, बाईंचा आवाज हळू, आणि प्रत्येक वेळी "आता मी हात काढू?" असं विचारणं. तिथे घातलं. पहिले दोन वर्ग पायरीवर गेले. परवा ती उताणी तरंगली, बाईंची दोन बोटं मानेखाली होती, आणि एकदम मोठ्याने म्हणाली, "काढा." बाईंनी अकरा मोजले. मग ती स्वतःच वळली आणि कठडा धरला.

पोहता येत नाही अजून, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी काठावर फोन पिशवीत टाकून बसते. पुढच्या महिन्यात मोठ्यांच्या वर्गात माझंही नाव आहे.

पाणकावळा
@तळठाव, चाळिशीतल्या माणसाला शिकवता का? भावाने विचारलंय. त्याने आधी विचारलं, मी सुचवलं नव्हतं.

तळठाव
शिकवतो. पहिला आठवडा पायरीवर आणि कमरेएवढ्या पाण्यात. सोबत कुणाला आणायचं ते त्यांनाच ठरवू द्या. आणि मुलीलाही आणायला सांगा, तिला काठावर बसून बघू दे.